शेवाळाच्या घरातला सांडवा

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात मामांची चार एकर मोसंबी आहे आणि तिचा सगळा जीव एका शेततळ्यात अडकलेला आहे. पावसाळ्यात तळं भरून घ्यायचं आणि पुढं उन्हाळाभर ठिबकनं मोजून मोजून द्यायचं. यंदा वैशाखात तळ्याचं पाणी असं हिरवं पडलं की बादलीत घेतलं तर बादलीचा तळ दिसेना. ड्रिपर चोंदले. फिल्टर दिवसातून दोनदा उघडून धुवायची पाळी आली. मी सुट्टीला गेले तेव्हा मामा बांधावर जाळी घासत बसले होते.

"बाहेर माणसाला उभं राहवंना," मामा म्हणाले, "तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदाला हात लावू वाटंना, इतका तापतोय. आन हे शेवाळ दिसभर उन्हात उताणं पडलंय. ते करपत कामून नाही?"

शेवाळ वाढतं कशामुळं, जातं कशानं, हे सगळेच विचारतात. करपत का नाही, हे वनस्पतिशास्त्र शिकवण्याच्या माझ्या इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नव्हतं. मामांना तिथंच एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी एक घोळ मिटवू. मामा करपणं म्हणतात ते उष्णतेनं. तळ्यातलं पाणी काही तितकं तापत नाही, त्यामुळं शेवाळाला त्या बाजूनं फारसा धोका नाही. त्याला खरा धोका उजेडाचा आहे. ज्या उजेडावर ते जगतं त्याच उजेडानं ते मरू शकतं. आणि या दोन्ही बाजू सांभाळणारी जनुकं एकाच कुळातली आहेत, ही या गोष्टीतली मला सगळ्यात आवडणारी बाब.

तळ्यातलं बाटलीभर पाणी मी कॉलेजात नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबात नाना जाती दिसल्या. काही नुसते हिरवे गोल ठिपके, काही चार-चारच्या माळेत चिकटलेले, आणि मधूनच दोन केसांनी पाणी मारत तुरुतुरु पळणारे. हे पळणारे बहुधा क्लॅमिडोमोनास. एकच पेशी, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढी. तिच्यात वाटीच्या आकाराचं एकच मोठं हरितलवक, म्हणजे अन्न तयार करणारा हिरवा भाग. जगभरच्या प्रयोगशाळांत या जातीचा जो वंश वाढवतात, तो 1945 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका बटाट्याच्या शेतातल्या मातीतून मिळाला होता. 2007 साली तिची सगळी जनुकं वाचून झाली. ती साधारण 15,000 भरली. पुढं मी जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं या एका पेशीनं शिकवलेलं आहे.

आता उजेडाकडं येऊ. ऊन आपल्याला रग्गड वाटतं, पण रेणूच्या पातळीवर ते विरळ असतं. हरितद्रव्याच्या एका रेणूवर भर दुपारीसुद्धा सेकंदाला दहाएक प्रकाशकण पडतात. सावलीत किंवा पाण्याच्या खालच्या थरात तर त्याहून कितीतरी कमी. उलट प्रकाशाचं रूपांतर रासायनिक शक्तीत करणारी जी मुख्य यंत्रणा आहे, जिला प्रक्रिया केंद्र म्हणतात, ती याच्या अनेक पट वेगानं काम करू शकते. म्हणजे पिठाची गिरणी मोठी, आणि दळण आणणारा एकच माणूस.

यावर निसर्गानं काय केलं ते 1932 साली रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम अर्नोल्ड या दोघांच्या एका प्रयोगातून बाहेर आलं. त्यांनी क्लोरेला नावाच्या शेवाळावर अगदी क्षणभराचे, लखलखीत झोत टाकले आणि प्रत्येक झोतामागं किती ऑक्सिजन सुटतो ते मोजलं. अपेक्षा अशी की प्रत्येक हरितद्रव्य आपापलं काम करत असेल. हिशेब निघाला तो असा की ऑक्सिजनच्या एका रेणूमागं हरितद्रव्याचे सुमारे अडीच हजार रेणू लागतात. इतके कशाला? ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला साधारण आठ प्रकाशकण लागतात असं धरलं, तर एका प्रकाशकणामागं सुमारे तीनशे हरितद्रव्यं येतात. म्हणजे शेकडो हरितद्रव्यं नुसती उजेड गोळा करतात आणि तो एका केंद्राकडं पोचवतात. काम केंद्र करतं. बाकीची सगळी त्याच्यासाठी गोळा करणारी.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावायला वेगळा दृष्टांत शोधायची गरज नाही. हे पाणलोट आहे. पाऊस काही फक्त तळ्यात पडत नाही. तो डोंगरावर, माळावर, बांधावर पडतो, ओघळीत येतो, नाल्यात उतरतो आणि मग तळ्यात येतो. तळं एकरभर असलं तरी त्याचं पाणलोट शंभर एकर असू शकतं. शेवाळाच्या हरितलवकातली ती तीनशे हरितद्रव्यं म्हणजे पाणलोट, आणि प्रक्रिया केंद्र म्हणजे तळं. इथं ओघळीचा वेगही भन्नाट: एका हरितद्रव्यावर पडलेली ऊर्जा दुसऱ्यावर, तिसऱ्यावर उड्या मारत सेकंदाच्या अब्जाव्या हिश्श्याच्या आत केंद्रावर पोचते.

पण हरितद्रव्य नुसतं ढिगानं टाकून पाणलोट होत नाही. माळरानावर उतार नसेल तर पाणी जागच्या जागी जिरतं, तसंच हरितद्रव्याचे रेणू कसेही गोळा झाले तर ऊर्जा आपसात वाया जाते. कोणता रेणू कुणापासून किती अंतरावर, कुणाकडं तोंड करून उभा, हे ठरलेलं पाहिजे. ते ठरवून देतं प्रथिन. प्रकाश गोळा करणारं प्रथिन म्हणतात ते हेच. प्रथिन स्वतः उजेड पकडत नाही, ते हरितद्रव्यांना नेमून दिलेल्या जागी बसवतं. उतार काढणं हे त्याचं काम.

2004 साली चिनी शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानातून काढलेल्या अशा एका प्रथिनाचा अणूअणूचा नकाशा मांडला. पालक आणि शेवाळ यांच्या या प्रथिनांत फार फरक नाही. प्रथिनाची साखळी हरितलवकातल्या पातळ पडद्यातून तीनदा आरपार जाते, स्प्रिंगसारखी पिळलेली. तिला लगडून हरितद्रव्याचे 14 रेणू, दोन जातींचे: 8 एका जातीचे, 6 दुसऱ्या. सोबत गाजर-पपईला रंग देणाऱ्या कुटुंबातले 4 पिवळे-नारिंगी रेणू. अशी तीन प्रथिनं एकत्र येऊन एक घडी बनते. म्हणजे एका घडीत 42 हरितद्रव्यं. पृथ्वीवरच्या हिरव्या जीवांच्या पडद्यांत हे प्रथिन इतकं भरलेलं आहे की पेशींच्या पडद्यांत सापडणाऱ्या सगळ्या प्रथिनांत ते सगळ्यात जास्त मानतात. मोसंबीच्या पानात तेच, गाजरगवतात तेच, मामांच्या फिल्टरच्या जाळीवरच्या चिखलातही तेच.

प्रथिन म्हटलं की जनुक आलंच. जनुक म्हणजे प्रथिन तयार करायची लिहून ठेवलेली कृती. क्लॅमिडोमोनासमध्ये उजेड गोळा करणाऱ्या प्रथिनांच्या अशा कृती वीसेक आहेत. प्रक्रिया केंद्रं दोन प्रकारची असतात: एका केंद्राशेजारच्या पाणलोटासाठी नऊ, दुसऱ्या केंद्रासाठी आणखी नऊ, आणि दुव्यासारखं काम करणाऱ्या दोन. या जनुकांची नावं मी मुद्दामच अर्धी सांगते. पहिल्या नऊ जणांना एलएचसीबीएम-1 ते एलएचसीबीएम-9 म्हणतात, दुसऱ्यांना एलएचसीए. ही नावं ठेवणाऱ्यांना घरी कधी बारशाला बसवलं नसावं.

त्या पहिल्या नऊ कृती जवळपास सारख्याच आहेत. आईच्या हातची आमटी आणि मोठ्या मावशीच्या हातची आमटी यांत असेल तेवढाच फरक. मग नऊ कशाला? बहुतेक वेळा कारण एवढंच की जनुकाची नक्कल झाली, ती टिकली, पुन्हा नक्कल झाली. पण वेळोवेळी या नकला बारीकसारीक वेगवेगळ्या कामाला लागल्या. पहिल्या क्रमांकाचं जनुक नसेल तर पेशीला जादा उजेड नीट फेकून देता येत नाही. नवव्याची गंमत आणखी वेगळी: पेशी सुखात असताना ते निपचित पडलेलं असतं, आणि पाण्यात गंधकाची टंचाई झाली की उठून कामाला लागतं. दुष्काळात कोनाड्यातून बाहेर काढायची भांडी असतात ना, तसं.

या कृती ठेवलेल्या कुठं आहेत, हेही मजेशीर आहे. हरितलवक हा खूप पूर्वी एक स्वतंत्र जीव होता, निळ्या-हिरव्या शेवाळाच्या जातीचा. तो दुसऱ्या पेशीत राहायला आला आणि तिथलाच झाला. आला तेव्हा स्वतःची जनुकं घेऊन आला होता, पण हळूहळू त्यातली बहुतेक घरमालकाच्या म्हणजे त्या पेशीच्या केंद्रकाच्या ताब्यात गेली. क्लॅमिडोमोनासच्या हरितलवकात आज शंभराच्या आसपास जनुकं उरली आहेत. प्रक्रिया केंद्राच्या गाभ्याच्या प्रथिनांची कृती त्यांत आहे. पण पाणलोटाच्या प्रथिनांची एकही नाही. ती सगळी केंद्रकात. म्हणजे तळ्याचे कागद धाकट्याच्या कपाटात आणि पाणलोटाचे थोरल्याच्या. पाणलोटाचं प्रथिन बाहेर तयार होतं, त्याच्या टोकाला पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली असते, त्या चिठ्ठीवरून ते हरितलवकात शिरतं आणि आत गेलं की चिठ्ठी कापून टाकली जाते. वाटणीनंतरही दोन्ही घरांचं इतकं सुरळीत चाललेलं मी आमच्या गावात तरी पाहिलेलं नाही.

आता मामांच्या प्रश्नाकडं. पाणलोट मोठं केलं, ते ठीक. पण पाऊस भरमसाट झाला तर?

उन्हात हेच होतं. शेवाळाची यंत्रणा भर उन्हाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यातच तृप्त होते. सकाळी नऊनंतर पुढचा सगळा उजेड जादाचाच. पण पाणलोट काही दुपारी लहान होत नाही, ते गोळा करतच राहतं. केंद्राला काम झेपत नाही आणि हरितद्रव्यं ऊर्जेनं फुगून बसतात. अशा फुगलेल्या हरितद्रव्याशेजारी ऑक्सिजन आला की तो बिथरतो आणि समोर येईल ते जाळत सुटतो. आणि ऑक्सिजन तर तिथंच तयार होत असतो! म्हणजे गवताच्या गंजीला लागून चूल. केंद्रातलं एक प्रथिन यात इतक्यांदा मोडतं की कडक उन्हात पेशीला ते तासाभरात काढून नवं बसवावं लागतं. शेवाळ करपत नाही असं मामांना वाटतं, पण खरं तर ते करपत असतं आणि शेजारीच डागडुजी चाललेली असते.

डागडुजीला मर्यादा आहे. म्हणून मुळात बांधालाच वाट काढून ठेवलेली असते. शेततळ्याला ज्याप्रमाणे सांडवा असतो तशी.

जायकवाडी भरलं की पैठणला काय होतं ते आपण बघतोच. 27 दरवाज्यांपैकी किती उचलले याच्या बातम्या येतात आणि नांदेडपर्यंत गोदाकाठची माणसं जीव मुठीत धरतात. पाणी सोडताना हळहळ वाटते, इतकं पाणी वाहून चाललं म्हणून. पण दरवाजेच नसते तर धरण राहिलं नसतं. शेवाळाचा दरवाजा म्हणजे एलएचसीएसआर नावाचं प्रथिन. त्याच्यातही हरितद्रव्य आणि पिवळे रेणू असतात, त्याचीही साखळी पडद्यातून तीनदा आरपार जाते. दिसायला तो पाणलोटवाल्यांचा सख्खा भाऊ. पण त्याच्याकडं आलेली ऊर्जा तो केंद्राकडं पाठवत नाही, उष्णता करून सोडून देतो.

2009 साली हे पक्कं झालं. क्लॅमिडोमोनासचा एक वंश होता ज्यात हे जनुक बिघडलेलं होतं. मंद उजेडात तो इतरांसारखाच वाढायचा. जोराच्या उजेडात, विशेषतः ऊन-सावलीच्या चढउतारात, त्याचा टिकाव लागेना. जनुक परत दिलं की सांडवा पुन्हा चालू.

दरवाजा कुणी कधी उघडायचा, हा त्यापुढचा भाग मला जास्त देखणा वाटतो. पहिली पायरी तासांची: मंद उजेडात वाढलेल्या पेशीत हे प्रथिन जवळपास नसतंच. उजेड वाढला की निळा प्रकाश ओळखणारं एक प्रथिन सूचना पाठवतं, केंद्रकातलं जनुक जागं होतं आणि सांडवा बांधला जातो. 2016 साली हा दुवा सापडला. उन्हातल्या अतिनील किरणांनी जागं होणारं एक भावंडही आहे. दुसरी पायरी सेकंदांची: बांधलेला दरवाजा उगीच उघडा राहिला तर सगळंच वाहून जाईल. तो उघडतो फक्त आंबटपणावर. हरितलवकातल्या बंद पिशव्यांमध्ये काम तुंबलं की आम्ल साठतं. दरवाज्याचं आतलं टोक त्या आम्लात बुडालं की तो वळतो आणि ऊर्जा बाहेर सोडायला लागतो. ढग आला, आम्ल उतरलं, दरवाजा बंद. ऑपरेटर नाही, साहेबांचा फोन नाही.

आणि या कुळाचा इतिहास उलटा निघतो. निळ्या-हिरव्या शेवाळांत, म्हणजे हरितलवकाच्या पूर्वजांच्या गोतात, पडद्यातून एकदाच आरपार जाणारी छोटी प्रथिनं असतात. उजेड जास्त झाला की ती तयार होतात, आणि त्यांचं काम बचावाचं असतं. त्यांचं जनुक दुप्पट होत, एकमेकांना जोडलं जात तीनदा आरपार जाणारं प्रथिन घडलं असावं, असा अभ्यासकांचा कल आहे. खूण अशी की आजच्या प्रथिनाचा पहिला आणि तिसरा पीळ एकमेकांसारखे आहेत. म्हणजे या घराण्याचा मूळ धंदा सांडव्याचा. पाणलोट ही पुढच्या पिढ्यांनी उचललेली शेती.

सगळीच शेवाळं या कुळावर चालत नाहीत हेही सांगायला हवं. स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या गोळ्यांचा निळसर हिरवा रंग वेगळ्याच प्रथिनांचा आहे. ती पडद्यावर झुंबरासारखी उभी असतात आणि त्यांची जनुकं एकमेकांना चिकटून एकाच ओळीत लिहिलेली असतात. डायाटम नावाची मातकट तपकिरी शेवाळं मात्र या आपल्याच कुळातली, फक्त त्यांनी रंगद्रव्य बदललं. 2020 च्या जूनमध्ये शेजारच्या बुलढाण्यातलं लोणार गुलाबी झालं तेव्हा पुष्कळांनी त्याला शेवाळ म्हटलं होतं. ते शेवाळ नव्हतं, मिठाच्या पाण्यात राहणारे जिवाणूंसारखे सूक्ष्मजीव होते. आणि एक कामाची गोष्ट: तळ्यावर हिरव्या रंगाच्या डब्यातला रंग सांडल्यासारखी साय आली असेल तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं आणि त्यातल्या काही जाती विषारी असतात. जनावरांना ते पाणी पाजू नका.

शेतकऱ्याला यातला पुढचा भाग चटकन कळेल. तळ्यात शेवाळ दाट झालं की वरच्या थरातल्या पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त उजेड गोळा करतात, त्यातला ऐंशी टक्क्यांपर्यंतचा सांडव्यावाटे फेकतात, आणि खालच्या पेशी अंधारात उपाशी. वरच्याचं पाणलोट लहान असतं तर उजेड खाली झिरपला असता. पण निसर्गात तसं का होईल? ज्या पेशीनं शेजारणीचा उजेड अडवला, तिची पिलावळ वाढली. सरीला दाटी करून लावलेल्या कपाशीसारखंच: प्रत्येक झाड शहाणं, सगळं शेत वेडं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या अनास्तासिओस मेलिस यांच्या गटानं पाणलोट आखूड असलेले क्लॅमिडोमोनासचे वंश शोधले. फिकट पोपटी, मरतुकडे दिसणारे. दाट टाकीत भरपूर उजेडाखाली त्यांचं उत्पन्न जास्त आलं. पुढं दुसऱ्या ठिकाणच्या प्रयोगांत सगळीकडं तसंच झालं असं नाही. पाणलोट तोडताना कुठं कुठं सांडवाही मोडतो.

पिकांत हाच विचार दुसऱ्या टोकानं झाला. झाडांमध्ये सांडवा उघडतो झटकन पण मिटतो सावकाश. ढग येऊन गेला तरी पान काही मिनिटं उजेड फेकतच राहतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात तीन जनुकांची मात्रा वाढवून तो लवकर मिटेल असं केलं. 2016 साली तंबाखूचं वजन साधारण 15 टक्के वाढलं, आणि 2022 साली सोयाबीनच्या एका हंगामात उत्पन्न सरासरी 24.5 टक्के जास्त आल्याचं त्यांनी छापलं. दुसऱ्या हंगामात वादळानं पीक लोळलं आणि फरक दिसला नाही. सोयाबीनवाल्या लातूर-हिंगोलीला ही बातमी ऐकून कान टवकारावेसे वाटतील, पण जनुक बदललेलं पीक म्हणून आपल्या शेतकऱ्याच्या हातात आजवर कापूसच आलेला आहे, आणि त्याचं पुराण वेगळं.

मामांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तळ्यावर तारा ताणून त्यांवर जुनी शेडनेट टाकली. उजेडच तोडला. महिनाभरानं पुन्हा गेले तर पाण्याचं हिरवेपण पुष्कळ उतरलेलं, फिल्टर दोन दिवसांतून एकदा. बाटली भरून नेली. थेंबात पेशी खरंच कमी होत्या, पण एकेक पेशी आधीच्यापेक्षा गडद हिरवी. सावली पडली तशी त्या वीसेक जनुकांनी पाणलोट वाढवायला घेतलं होतं.

मामांना तेही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"म्हंजी थोडे राहिले ते जास्तच हावरट झाले," ते म्हणाले. "नेट अजून एक पदर टाकतो."